सुटी झालेली कॉर्ड : हाय-फाय ध्वनिसंचाच्या वीजजोडणीचा इतिहास

मूळ आवाजाशी शक्य तितके इमान राखून संगीत ऐकवणाऱ्या घरगुती यंत्रजुळणीला हाय-फाय ध्वनिसंच म्हणतात. अशा संचाची पॉवर कॉर्ड बदलली की आवाज सुधारतो, ही समजूत आणि तिच्या आधाराने वाढलेला महागड्या कॉर्डांचा व्यापार विसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. मात्र त्याचे मूळ शोधू गेल्यास ते कानाविषयीच्या अथवा तांब्याविषयीच्या एखाद्या नव्या शोधापाशी सापडत नाही, तर यंत्राच्या पाठीवर बसवलेल्या एका प्रमाणित खोबणीपाशी सापडते. कॉर्ड जोवर यंत्रातून सुटी निघत नव्हती, तोवर ती निवडण्याची वस्तू नव्हती, आणि जी वस्तू निवडता येत नाही तिच्या गुणदोषांची चर्चाही फारशी होत नाही.

रेडिओच्या पहिल्या पिढीला भिंतीतल्या विजेची गरजच नव्हती. निर्वात नलिकेतील, म्हणजे व्हॉल्व्हमधील, तापतंतू तापवण्यासाठी एक बॅटरी आणि उच्च व्होल्टसाठी दुसरी, अशी तेव्हाची व्यवस्था होती. कारण दिशा सतत बदलणारी प्रत्यावर्ती वीज तापतंतूला सरळ दिली असता तिची घरघर कर्ण्यातून ऐकू येई. टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये प्रत्यावर्ती विजेवर चालणारा बॅटरीविना रेडिओ बाजारात आणला आणि त्यानंतर काही वर्षांतच घरातला रेडिओ आणि भिंतीतली वीज यांची कायमची गाठ पडली.

कॉर्डचा खरोखर परिणाम होत असे असा एक काळ या इतिहासात आहे, आणि तो आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील काही शहरांच्या जुन्या भागांत अजून एकदिश वीज पुरवली जाई आणि तिच्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर वगळलेले, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे स्वस्त रेडिओ निघाले. त्यांत पाच व्हॉल्व्हचे तापतंतू एकापुढे एक जोडलेले असत. त्यांतील तिघांना प्रत्येकी ६.३ आणि दोघांना प्रत्येकी २५ व्होल्ट लागत, म्हणजे एकंदर सुमारे ६९ व्होल्ट. पुरवठा मात्र ११५ व्होल्टच्या आसपास असे. उरलेले व्होल्ट खर्ची टाकण्यासाठी कॉर्डमध्येच रोध असलेली तिसरी तार गुंफली जाई आणि तिच्याभोवती ॲसबेस्टॉसचे वेष्टन असे. ०.३ अँपिअर प्रवाहाला या तारेत सुमारे १४ वॉट उष्णता निर्माण होई आणि कॉर्ड हाताला गरम लागे. लांब कॉर्ड अडचणीची वाटून एखाद्याने ती कापून आखूड केली, की रोध घटून तापतंतूंवर जादा व्होल्ट पडत आणि व्हॉल्व्ह जळत. तीच कॉर्ड पडद्यामागे गुंडाळून ठेवली तर पडदा पेटण्याची भीती असे. येथे कॉर्ड हा मंडलाचा, म्हणजे विद्युत्‌-रचनेचा, मोजूनमापून ठरवलेला घटक होता. दशक सरता सरता ३५ आणि ५० व्होल्टचे तापतंतू असलेले व्हॉल्व्ह आले, पाचांची बेरीज पुरवठ्याइतकीच होऊ लागली आणि ही तापणारी कॉर्ड नाहीशी झाली.

पुढील तीन दशके कॉर्ड बहुतांश यंत्रांना कायमची जोडलेली राहिली. पत्र्याच्या भोकातील रबरी कडीतून ती आत जाई आणि आतच डाग देऊन पक्की केली जाई. या स्थितीला कलाटणी मिळाली ती आंतरराष्ट्रीय विद्युत्‌-तांत्रिक आयोगाच्या ३२० क्रमांकाच्या मानकामुळे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकाने यंत्राच्या पाठीवरील खोबण आणि तिच्यात बसणारे कॉर्डचे टोक यांची मापे ठरवून दिली. त्यामागचा हेतू संगीताशी संबंधित नव्हता. देशोदेशी भिंतीवरचे प्लग वेगळे असल्याने एकच यंत्र बनवून सोबत त्या त्या देशाची कॉर्ड द्यावी, ही कारखानदारांची सोय त्यात होती. भारतात ब्रिटिश ५४६ मानकातून आलेला गोल पिनांचा त्रिपिनी प्लग याच कॉर्डच्या दुसऱ्या टोकाला बसतो. १९८१ च्या आयबीएम पीसीवरही हीच खोबण होती, आणि पुण्या-मुंबईच्या घरांत संगणकामागे लावली जाणारी १० अँपिअरची कॉर्ड आणि एखाद्या उंची ॲम्प्लिफायरची कॉर्ड एकमेकींच्या जागी बसतात, ते या मानकामुळेच.

सुट्या कॉर्डला गिऱ्हाईक मिळण्याची वाट आधीच तयार झाली होती. नोएल ली यांनी १९७९ मध्ये मॉन्स्टर केबल ही कंपनी स्थापून स्पीकरच्या जाड तारा स्वतंत्र वस्तू म्हणून विकायला सुरुवात केली. त्या व्यवसायाला निदान एक भक्कम आधार होता : स्पीकरचा रोध ८ ओहमच्या आसपास असतो, म्हणून बारीक आणि लांब तारेचा रोध त्याच्या तुलनेत जाणवण्याइतका ठरू शकतो. हाच तर्क पुढे पॉवर कॉर्डला लावला गेला आणि येथे तो टिकत नाही. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या दोन मीटर तांब्याच्या कॉर्डमध्ये, येण्याजाण्याचे अंतर धरून, ०.०५ ओहमहून कमी रोध असतो. १ अँपिअर प्रवाहाला २३० व्होल्टांतून त्यात ०.०५ व्होल्टही खर्च होत नाहीत, आणि इमारतीतील पुरवठ्याचा रोजचा चढउतार याच्या कितीतरी पट असतो. शिवाय आत शिरलेली वीज रेक्टिफायरमधून एकदिश केली जाते, मग मोठ्या कपॅसिटरांत साठवली जाते, आणि संगीताला लागणारा प्रवाह त्या साठ्यातून घेतला जातो.

जपानमध्ये या प्रश्नाला धातुशास्त्राची जोड मिळाली. चिबा तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक अत्सुमी ओनो यांनी तापवलेल्या साच्यातून सलग ओतकाम करण्याची पद्धत विकसित केली आणि तिच्यातून अतिशय लांब स्फटिकांची तांब्याची तार निघू लागली. हे संशोधन अस्सल आहे. परंतु स्फटिकांच्या सीमा कमी झाल्याने ५० हर्ट्झची वीज अधिक मधुर होते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ध्वनिरसिकांनी २००४ मध्ये उंची कॉर्ड आणि साधी कॉर्ड, कोणती लावली आहे हे न सांगता, ऐकून ओळखण्याची चाचणी घेतली, तेव्हा १४९ पैकी ७३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. ऐकणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर यातून शंका घेण्याचे कारण नाही. अपेक्षेचा श्रवणावर होणारा परिणाम किती खोल असतो, एवढेच त्यातून दिसते.

तरीही कॉर्ड बदलल्यावर घरघर कमी झाल्याचे सांगणारे सगळेच भ्रमात नसतात. घरगुती यंत्रांना जोडणाऱ्या आरसीए तारेचे बाह्य जाळीदार कवच हाच संकेताचा परतीचा मार्गही असतो. दोन यंत्रे आपापल्या कॉर्डमधून भूजोडणीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेली असली की गळतीचा बारीकसा प्रवाह त्या कवचातूनही वाहतो आणि तेथे निर्माण झालेला व्होल्ट संकेतात मिसळतो. कॉर्डमधील अर्थची तार जाड असेल तर दोन्ही यंत्रांच्या पत्र्यांमधील व्होल्टचा फरक घटतो आणि घरघरही खरोखर उतरते. मात्र हा गुण जाडीचा आहे, किमतीचा नाही. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याच जातीच्या एका दोषाचे मूळ यंत्रांच्या आतच दाखवून दिले : तारेचे कवच बाह्य पत्र्याला न जोडता आतील मंडलाच्या शून्य-रेषेला जोडले जात होते. त्या सोसायटीच्या २००५ च्या ४८ क्रमांकाच्या मानकाने कवच थेट पत्र्याला जोडण्याची पद्धत घालून दिली, आणि तिच्यानुसार बांधलेल्या यंत्रांत कवचातून वाहणारा हा प्रवाह संकेताच्या मार्गात न शिरता बाहेरच्या पत्र्यावरून निघून जातो.