टायरमध्ये हवा किती? एका आकड्याचा इतिहास

१/ पंक्चरच्या दुकानात नेहमी विचारला जाणारा प्रश्न : "किती भरू?" आपण सवयीने एक आकडा सांगतो आणि पुढे जातो. मात्र हजार-दीड हजार किलो माल पाठीवर घेणाऱ्या पिकअप ट्रकच्या बाबतीत हा आकडा सवयीवर सोडता येत नाही. तो कसा घडत गेला, कोणी ठरवला आणि त्यावरून दोन बलाढ्य कंपन्यांचे जवळजवळ शतकभराचे नाते कसे तुटले, याचा हा थ्रेड.

२/ प्रथम मूलभूत गोष्ट. वाहनाचे ओझे मुख्यतः रबर पेलत नाही; ते पेलते आत कोंडलेली हवा. भार वाढला की दाबही वाढवावा लागतो. दाब कमी पडला तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक दुमडतात, आत उष्णता साठते आणि थर सुटू लागतात. दाब जास्त झाला तर टायर मधोमध फुगतो, रस्त्यावरची पकड घटते आणि रिकामी गाडी उसळते.

३/ हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचे, १८४५ सालचे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्यांच्या 'हवेच्या चाकां'च्या घोडागाड्या धावल्या. पुढे ही कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी तिचे नव्याने पेटंट घेतले. थॉमसन यांचा अग्रक्रम लक्षात आल्यावर ते रद्द ठरले.

४/ १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार उतरवली. टायर वारंवार फुटले आणि शर्यत जिंकता आली नाही. तरीही मोटार हवेवर धावू शकते, हे सिद्ध झाले. मालट्रक मात्र या क्रांतीपासून दूरच राहिले. त्यांच्या चाकांवर भरीव रबर होते. ते पंक्चर होत नसे, पण गाडीचा वेग मंद राही आणि माल, रस्ता व चालक या तिघांचीही हाडे खिळखिळी होत.

५/ ही कोंडी फोडण्यासाठी १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने ओहायोतील अ‍ॅक्रनहून बॉस्टनला हवेच्या टायरवरचा एक पॅकार्ड ट्रक धाडला. 'विंगफूट एक्सप्रेस' हे त्या सेवेचे नाव. वाईट रस्ते आणि फुटणारे टायर यांमुळे पहिल्या प्रवासाला काही आठवडे लागले. पुढे तोच प्रवास काही दिवसांवर आला. जड माल हवेवर वाहता येतो, याची खात्री व्यापारी जगाला पटू लागली.

६/ १९२३ मध्ये फायरस्टोनने 'बलून टायर' बाजारात आणला. हा टायर रुंद होता आणि त्यात हवेचा दाब पूर्वीपेक्षा बराच कमी लागे. हवेचे आकारमान वाढले की तेच ओझे कमी दाबावर पेलता येते, हा त्यातला धडा. म्हणजेच टायरचा आकार आणि त्यावरचे ओझे सांगितल्याशिवाय दाबाच्या आकड्याला अर्थ नाही. अमेरिकेतील 'टायर अँड रिम असोसिएशन'ची कोष्टके याच तत्त्वावर उभी आहेत : अमुक आकार, अमुक दाब, तर कमाल भार इतका.

७/ तिसरा घटक जमीन. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकत होते. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, ओझे अधिक क्षेत्रावर वाटले जाते आणि गाडी वाळूत रुतत नाही, ही युक्ती त्यांच्या हाती होती. १९४० मध्ये त्यांनी इजिप्तमध्ये 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला, तेव्हा हेच ज्ञान युद्धात कामी आले. पुढे 'इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन' ही भारतीय सैनिकांची तुकडीही या दलाबरोबर वाळवंटात उतरली.

८/ दुसऱ्या महायुद्धातच अमेरिकेने 'डक' हा पाण्यात व जमिनीवर चालणारा अडीच टनी ट्रक बनवला. चालकाला आपल्या जागेवर बसूनच टायरमधली हवा कमी-जास्त करता यावी, अशी व्यवस्था त्यात केली गेली. मऊ वाळूच्या किनाऱ्यावर दाब उतरवायचा आणि पक्का रस्ता लागला की पुन्हा चढवायचा. 'योग्य दाब' हा एकच कायमचा आकडा नसतो, याचे इतके स्पष्ट यांत्रिक रूप पूर्वी क्वचितच दिसले होते.

९/ आता जड पिकअप ट्रकांकडे येऊ. अमेरिकी बनावटीच्या या ट्रकांना 'एलटी' वर्गाचे टायर असतात. एलटी२४५/७५आर१६ या आकाराचेच उदाहरण घेऊ. दर चौरस इंचाला ५० पौंड दाब (५० पीएसआय) असताना असा एक टायर सुमारे १,००० किलो पेलतो. ६५ वर सुमारे १,१९० आणि ८० वर सुमारे १,३८०. टायरच्या बाजूवर '८०' छापलेले असते ते या शेवटच्या ओळीपुरते. कमाल भारासाठी लागणारा तो दाब आहे, रोजची शिफारस नव्हे.

१०/ आकडा भलत्याच हेतूने निवडला तर काय होते? १९९० च्या आसपास फोर्डने रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर 'एक्सप्लोरर' ही गाडी उभी केली. ती वळणावर कलंडू नये म्हणून अभियंत्यांनी सुचवलेल्या उपायांत टायरचा दाब कमी करणे हाही एक होता, हे पुढे उघड झालेल्या कंपनीच्या कागदपत्रांत दिसते. शिफारस ठरली २६ पीएसआय. स्थैर्याचा प्रश्न हवेच्या आकड्याने सोडवताना टायरच्या भारक्षमतेतली शिल्लक मात्र आटली.

११/ ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. धावत्या गाडीत टायरचा पट्टा सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. उष्ण राज्यांत तर अधिकच. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने या टायरशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या अखेर २७१ वर गेली. फोर्ड म्हणे, दोष टायरचा. फायरस्टोन म्हणे, दोष गाडीचा. शिवाय दाब ३० हवा. हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन यांच्या मैत्रीपासून चालत आलेले व्यापारी नाते मे २००१ मध्ये तुटले.

१२/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. '२६ मुळे माणसे मेली' हे वाक्य सोपे आहे, म्हणूनच अपुरे आहे. शासकीय तपासाने दोष टायरच्या रचनेत आणि घडणीत शोधला. कमी दाब हे त्याचे मूळ नव्हते. पण सदोष टायर, उन्हाळा, वेग आणि भरलेली गाडी एकत्र आली तेव्हा सावरायला जे अंतर लागते, ते कमी दाबाने अगोदरच खर्चून टाकले होते. अनेक कारणे एका बिंदूवर मिळतात आणि तेथे दुर्घटना घडते.

१३/ या प्रकरणातून नोव्हेंबर २००० मध्ये 'ट्रेड' कायदा झाला. दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के उतरला की डॅशबोर्डवर दिवा लागलाच पाहिजे, हा नियम त्यातूनच आला आणि २००७ पासून नव्या गाड्यांना पूर्णतः लागू झाला. मात्र मर्यादा ठरली भारासह कमाल १०,००० पौंड, म्हणजे ४,५३६ किलो वजनाची. मागे जोडचाके असलेले जड पिकअप या मर्यादेबाहेर राहिले. म्हणजे सर्वाधिक ओझे वाहणाऱ्या पिकअपांनाच दिव्याची सक्ती नाही.

१४/ मग अशा ट्रकचा चालक काय करतो? दाराच्या खांबावरची पट्टी तो आधी वाचतो; पुढच्या व मागच्या टायरचा दाब तिच्यावर वेगवेगळा दिलेला असू शकतो. माल भरून वजनकाट्यावर प्रत्येक आसाचे वजन घेतो, ते चाकांत विभागतो आणि कोष्टकातली ओळ शोधतो. पट्टीवरचा आकडा पूर्ण भारासाठीचा असतो. भरलेल्या गाडीत तो त्याखाली जात नाही. इंजिनाचे ओझे पुढे असते, माल मागे चढतो. म्हणून भार बदलला की मोठा फरक मागच्या टायरना करावा लागतो.

१५/ दाब मोजायचा तो गाडी काही तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना. तापमानात साडेपाच अंश सेल्सियसचा फरक पडला की दाब दोन-अडीच टक्क्यांनी बदलतो. धावून तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा सोडणे ही घातक चूक; टायर निवल्यावर तो आकडा धोक्याच्या खाली गेलेला असतो.

१६/ थॉमसन यांना हवा होता गाडीचा सुखद प्रवास, बॅग्नोल्ड यांना वाळूवर तरंगणे, फोर्डला वळणावरचे स्थैर्य. प्रत्येकाने त्याच हवेकडून वेगळे काम मागितले. हवेचे पहिले काम मात्र ओझे पेलण्याचे आहे. तेव्हा पुढच्या वेळी "किती भरू?" असा प्रश्न आला, तर उत्तरापूर्वी एक प्रतिप्रश्न स्वतःलाच विचारावा : आज गाडीत वजन किती आहे?