प्रथिन-स्फटिकांची प्रारणजन्य हानी

प्रथिनाच्या रेणूची त्रिमितीय संरचना ठरविण्यासाठी त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले असता त्याच किरणांमुळे स्फटिकात जे रासायनिक व संरचनात्मक बदल घडून येतात, त्यांस प्रारणजन्य हानी असे म्हणतात. ज्या साधनाने रेणू पहावयाचा तेच साधन रेणूचा नाश करते, ही या पद्धतीतील मूलभूत अडचण होय. तिच्यावर मात करण्याच्या प्रयत्नांतूनच प्रथिन-स्फटिकविज्ञानातील प्रयोगपद्धती बऱ्याच अंशी घडत गेली आहे.

कारणे : सु. १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण ०.१ मिमी. जाडीच्या स्फटिकावर पडल्यास बहुतेक फोटॉन आरपार निघून जातात, सु. २ टक्के फोटॉनांचीच द्रव्याशी परस्परक्रिया होते. या २ टक्क्यांपैकीही सु. ८ टक्केच फोटॉन विवर्तनास उपयोगी पडतात, तर ८० टक्क्यांहून अधिक फोटॉन प्रकाशविद्युत् परिणामाने शोषले जातात. शोषणाच्या वेळी बाहेर फेकला गेलेला इलेक्ट्रॉन आपल्या मार्गात शेकडो ठिकाणी आयनीभवन घडवून आणतो. प्रथिन-स्फटिकाच्या घनफळाचा साधारणपणे निम्मा भाग पाण्याने व्यापलेला असतो. त्या पाण्यापासून निर्माण होणारी मुक्त मूलके स्फटिकात विसरण पावून मूळ आघातापासून दूर असलेल्या रेणूंनाही इजा पोहोचवितात.

इतिहास : जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफुट (पुढे हॉजकिन) यांनी १९३४ मध्ये केंब्रिज येथे पेप्सिनाचा ओला स्फटिक काचेच्या केशनलिकेत ठेवून त्याचे स्पष्ट विवर्तन-चित्र मिळविले. वाळलेले स्फटिक असे चित्र देत नाहीत, हे त्यावरून दिसून आले. पुढे अनेक वर्षे स्फटिक सामान्य तापमानास केशनलिकेतच तपासले जात. किरणांच्या माऱ्याखाली विवर्तनाची तीव्रता घटत गेली की दुसरा स्फटिक बसवावा लागे व अनेक स्फटिकांपासून मिळालेली मापने एकत्र जुळवावी लागत.

या हानीचा पहिला पद्धतशीर अभ्यास सी. सी. एफ्. ब्लेक व डी. सी. फिलिप्स यांनी मायोग्लोबिनाच्या स्फटिकांवर केला व तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. शोषल्या गेलेल्या प्रत्येक फोटॉनामागे सु. ७० रेणू पूर्णपणे नष्ट होतात व आणखी सु. ९० रेणूंची मांडणी विस्कळित होते, असा अंदाज त्यांनी मांडला. हानी शोषित मात्रेच्या प्रमाणात वाढते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होता.

डी. जे. हास व एम्. जी. रॉसमान यांनी १९७० मध्ये लॅक्टेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाचे स्फटिक −७५° से. तापमानास ठेवले, तेव्हा हानीचा वेग बराच मंदावला. तथापि स्फटिकातील पाण्याचे बर्फ होऊन स्फटिक भंगण्याचा धोका असल्यामुळे ही रीत लगेच रूढ झाली नाही. हाकोन होप यांनी १९८८ मध्ये सर्वसाधारणपणे वापरता येईल अशी पद्धत वर्णिली. तीत स्फटिक अत्यंत जलद थंड करून पाणी काचेसारख्या अस्फटिकी अवस्थेत गोठवितात व नंतर स्फटिक सु. −१७३° से. तापमानाच्या नायट्रोजन वायूच्या झोतात ठेवतात. या तापमानास मूलकांचे विसरण बहुतांशी थांबते. रिबोसोमाचे स्फटिक क्ष-किरणांखाली फार लवकर निकामी होत. त्यांचा अभ्यास या पद्धतीमुळे शक्य झाला. रिबोसोमाच्या संरचनेबद्दल आडा योनाथ, वेंकटरामन रामकृष्णन व टॉमस स्टाइट्झ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मर्यादा : थंड केल्याने हानी टळते असे मात्र नाही. १ किग्रॅ. द्रव्याने १ जूल ऊर्जा शोषली म्हणजे १ ग्रे मात्रा होते. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीतील अनुभवावरून थंड स्फटिकासाठी २ कोटी ग्रे ही मर्यादा काढली. २००६ मध्ये आर्. एल्. ओवेन, ई. रुदिन्यो-पिन्येरा व ई. एफ्. गार्मन यांनी फेरिटिनाच्या स्फटिकांवरील प्रयोगांवरून ३ कोटी ग्रे ही मर्यादा सुचविली. मनुष्याच्या सर्व शरीरास ४-५ ग्रे मात्रा मिळाल्यास उपचारांअभावी निम्म्या व्यक्ती दगावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांची कल्पना येते.

सिंक्रोट्रॉनांतील प्रखर शलाका उपलब्ध झाल्यावर हानीचे एक सूक्ष्म रूप उघड झाले. २००० मध्ये तीन स्वतंत्र अभ्यासगटांनी दाखविले की, डायसल्फाइड बंध प्रथम तुटतात व अम्लधर्मी ॲमिनो अम्लांचे कार्बॉक्सिल गट निघून जातात. विवर्तन-चित्र उत्तम दिसत असतानाच हे घडते. त्यामुळे संशोधकापुढील संरचना प्रथिनाची मूळ संरचना आहे की किरणांनी बदललेली, हा प्रश्न निर्माण होतो. एंझाइमांच्या क्रियाशील स्थानातील धातूंचे आयन विशेष संवेदनशील असतात. प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त करणाऱ्या प्रकाशतंत्र-२ मधील मँगॅनिजाचे क्ष-किरणांमुळे क्षपण होते, हे २००५ मध्ये दिसून आले. म्हणजे जी रासायनिक क्रिया समजून घ्यावयाची, तिच्या केंद्राचेच चित्र संशयास्पद ठरले.

नवीन पद्धती : २००० मध्ये आर्. नॉइट्सं व त्यांचे सहकारी यांनी गणिताने दाखविले की, क्ष-किरणांचा स्पंद पुरेसा अल्पकालिक असेल, तर रेणू विस्फोट पावण्यापूर्वीच विवर्तन नोंदता येईल. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरामुळे हे प्रत्यक्षात आले. २०११ मध्ये हेन्री चॅपमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे प्रकाशतंत्र-१ च्या सूक्ष्म स्फटिकांचा प्रवाह अशा स्पंदांसमोर सोडून संरचना मिळविली. येथे प्रत्येक स्फटिक एकदाच वापरला जातो व नष्ट होतो. २०१५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच प्रकारच्या लेसराने प्रकाशतंत्र-२ ची संरचना पुन्हा ठरविली, तेव्हा मँगॅनीज अणूंमधील काही अंतरे २०११ च्या सिंक्रोट्रॉन-मापनांपेक्षा ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी आढळली. हा फरक अल्प वाटला, तरी मँगॅनिजाची ऑक्सिडीकरण अवस्था व क्रियेची यंत्रणा ठरविताना तो निर्णायक असतो.

असे लेसर जगात मोजक्याच ठिकाणी असल्याने बहुतेक संरचना अद्यापही सिंक्रोट्रॉनांवरच ठरविल्या जातात. म्हणून प्रयोगापूर्वी मात्रेची गणना करणे, मोठा स्फटिक निरनिराळ्या जागी प्रकाशित करणे किंवा अनेक स्फटिकांवर मात्रा विभागणे या उपायांचा अवलंब करतात. औषधांचे रेणू अशाच संरचनांच्या आधारे योजले जात असल्यामुळे संरचनेबरोबर शोषित मात्रेचीही नोंद असणे अगत्याचे आहे.