महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची निर्मिती
मराठीतील पहिला आधुनिक विश्वकोश. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून अमेरिकेहून परतलेले श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हे त्याचे प्रवर्तक व संपादक. एवढा खर्च एकट्या प्रकाशकाला पेलण्याजोगा नव्हता. म्हणून त्यांनी ‘ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित कंपनी स्थापिली आणि गावोगावी हिंडून भाग विकले, वर्गणीदार मिळविले. लेखन-संपादनाबरोबर भांडवल, मुद्रण व विक्री यांचाही भार त्यांनी वाहिला. पहिला खंड १९२० मध्ये निघाला. प्रस्तावनेचे ५, मुख्य मजकुराचे १६, सूची व पुरवणी यांचा प्रत्येकी १, असे एकूण २३ खंड सिद्ध झाले. मराठी वाचकांच्या पैशावर मराठीत ज्ञानकोश उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.