मुंबई ते कराची : एका अंतराचा इतिहास

नकाशावर मुंबई व कराची ह्या दोन बंदरांमध्ये पट्टी ठेवून पाहिली, तर सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटरांचे अंतर भरते. आजचे विमान एवढा पल्ला अदमासे दीड तासात गाठील. भूगोलाचे पुस्तक एवढे सांगून थांबते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेथे थांबता येत नाही. दोन शहरांमधील अंतर निसर्गाने एकदाच आखून ठेविलेले असते, हा सर्वसाधारण समज कितपत खरा आहे, हे ह्या उदाहरणावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

एके काळी ही दोन्ही शहरे एकाच इलाख्यात मोडत. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. तोपर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारच्या हाती होता. नारायण जगन्नाथ वैद्य ह्या शिक्षणाधिकाऱ्याचे नाव धारण करणारी कराचीतील शाळा त्या जुन्या संबंधाची साक्ष देते.

१९२९ साली विलायतेचे टपाल विमानमार्गाने कराचीपर्यंत येऊ लागले. ते तितक्याच त्वरेने पुढे नेण्याच्या हेतूने १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान उडविले. वाटेत अहमदाबादेस उतरून, बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेऊन, दुपारी ते जुहूच्या मैदानावर पोहोचले. सात तासांच्या आसपास हा प्रवास झाला. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस नेले. बैलगाडी व विमान ह्यांची ती भेट आम्हांस त्या युगाचे यथार्थ चित्र वाटते.

१९४७ साली ह्या वाटेच्या मध्ये सरहद्द आली. १९७१ च्या युद्धाने तुटलेला हवाई संबंध १९७६ साली पुन्हा जुळला. १९८२ च्या ऑक्टोबरात, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ ह्या जुन्या विमानातून कराचीहून मुंबईस पुन्हा एकवार उड्डाण केले. राष्ट्रे दोन झाली होती, तरी वाट खुली होती.

पुढे ह्या दोन शहरांमधील थेट विमानसेवा बंद पडली. आणि २०२५ च्या एप्रिलात तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपापले आकाशही बंद केले. अशा वेळी दुबईस वळसा घालून जावयाचे म्हटले, तर पल्ला सुमारे ३,१०० किलोमीटरांचा, म्हणजे मूळच्या साडेतीनपट, होतो. आणि मधला खोळंबा धरला, तर ‘पस मॉथ’ला लागला त्याहूनही अधिक वेळ सहज लागतो. यंत्रांनी नव्वद वर्षांत जे मिळविले, ते ह्या एका वाटेवर जमेस धरता येत नाही.

राष्ट्रांस आपल्या सीमांचे रक्षण करावेच लागते, आणि त्यामागील कारणे क्षुल्लक नसतात, हे आम्ही जाणतो. परंतु ह्या निर्णयांचा हिशेब मांडताना एक रकमेचा विसर पडू नये. फाळणीच्या वेळी कराची सोडून मुंबईस आलेल्या, अथवा मुंबई सोडून कराचीस गेलेल्या कुटुंबांतील नातवंडांना आजोबांचे घर पाहावयाचे असेल, तर त्यांचे अंतर कोणत्या पट्टीने मोजावयाचे? आजोबांना ती वाट ठाऊक होती; नातवाला ती केवळ नकाशावर दिसते.