नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच माहिती फुटते तेव्हा

भिवंडीत गोदाम असो की यंत्रमागाचं ऑफिस, राऊटर, कॅमेरे, बिलिंगचा कॉम्प्युटर असं सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. काय चालू, काय बंद, हे एका स्क्रीनवर दाखवतं ते नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. त्याच्याकडे प्रत्येक यंत्राचा पत्ता असतो, बऱ्याचदा पासवर्डही. म्हणजे वॉचमनकडेच सगळ्या चाव्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘व्हॉट्सअप गोल्ड’मधली अशीच त्रुटी समोर आली. (आपल्या व्हॉट्सॲपशी याचा काही संबंध नाही.) सॉफ्टवेअरवर एकच युजर असेल, तर लॉगिन न करताही त्याचा एन्क्रिप्टेड पासवर्ड काढता येत होता. प्रोग्रेस कंपनीने २४.०.० आवृत्तीत ती दुरुस्त केली. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्यावर हल्ले झाले.

दुसरी गळती जुनी आहे. यंत्रांची माहिती गोळा करणाऱ्या एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘पब्लिक’ हा शब्दच पासवर्डसारखा चालतो, आणि तो तारेतून उघडा जातो. नेट बसवणाऱ्या भाईंना विचारा: ‘पब्लिक’ बदललं का? तिसरी आवृत्ती लावली का? ही स्क्रीन बाहेरून इंटरनेटवर उघडते का?

घुसखोरी झालीच, तर कळल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणं कंपन्यांना एप्रिल २०२२ च्या आदेशाने बंधनकारक आहे.