एका ओळीची चूक

तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी रात्रपाळी करायचो. रोजच्या कटकटी ठरलेल्या. जेसीबीनं रस्त्याकडेची फायबर तोडली किंवा यूपीएसच्या बॅटरीनं मान टाकली, की फोन सुरू : "दादा, नेट गेलंय!" त्याची भीती नसायची. तुटलेली तार सापडते, जोडता येते. भीती वाटली ती मीच टाइप केलेल्या एका ओळीची.

राउटरमध्ये आयपी पत्त्यांचा एक गट लिहिताना माझा आकडा चुकला. जे पत्ते आमचे नव्हतेच, ते 'आमच्याकडे आहेत' असं आमचा राउटर वरच्या कंपनीला सांगू लागला. थोड्या वेळात तिथल्या इंजिनियरचा फोन आला : "हे तुमच्या यादीत नाहीत. आमच्या फिल्टरनं अडवलेत. बघून घ्या." मला घाम फुटला, कारण न अडवलेल्या अशाच एका चुकीची गोष्ट मला ठाऊक होती.

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तानात युट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश होता. पाकिस्तान टेलिकॉमनं युट्यूबकडे जाणारी वाहतूक देशातल्या देशात जिरवण्यासाठी एक खोटा मार्ग तयार केला. तो घरातच राहायला हवा होता, पण बाहेर सुटला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीनं तो न तपासता पुढे जगाला सांगितला.

जगानं तो खरा का मानला? युट्यूबनं १,०२४ पत्त्यांचा एक मोठा गट जाहीर केला होता. पाकिस्तान टेलिकॉमनं त्यातल्याच २५६ पत्त्यांचा छोटा. राउटर नेहमी जास्त नेमका पत्ता निवडतो. पाकिटावर नुसतं 'पुणे' असण्यापेक्षा 'सदाशिव पेठ, पुणे' असलेलं बरं, तसंच. आपल्याकडे मध्यरात्र उलटून १७ मिनिटं झाली होती, तेव्हा जगाच्या मोठ्या भागातून युट्यूब गायब होऊ लागलं. मग युट्यूबनंही आधी २५६चा आणि नंतर १२८-१२८चे आणखी नेमके गट जाहीर केले. शेवटी पीसीसीडब्ल्यूनं तो मार्ग मागे घेतला. एव्हाना सव्वादोन तास गेले होते.

या घोळाचं मूळ १९८९ सालात आहे. अमेरिकेत ऑस्टिनला भरलेल्या बैठकीदरम्यान सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, नॅपकिनवर एका नियमावलीचा आराखडा काढला. तीच बीजीपी. एका नेटवर्कनं दुसऱ्याला 'हे पत्ते माझ्याकडून मिळतील' असं कसं सांगायचं, ते ती ठरवते. सांगणारा खरं बोलतोय का, हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. तेव्हा नेटवर्कं मोजकी होती, चालवणारे एकमेकांना ओळखत होते. गावात उसनवारी तोंडी चालते, तसं. गावाचं शहर झालं, तरी व्यवहार तोंडीच राहिला. एप्रिल १९९७मध्ये अमेरिकेतल्या एका लहान पुरवठादाराच्या राउटरनं जगातले असंख्य मार्ग आपलेच म्हणून जाहीर केले होते. तो राउटर बंद केल्यावरही खोटे मार्ग बराच वेळ फिरत राहिले.

आता आरपीकेआय नावाची पद्धत आहे. कोणत्या नेटवर्कनं आपले पत्ते जाहीर करायचे, हे पत्त्यांचा मालक डिजिटल सहीनिशी नोंदवतो. बाकीचे राउटर ती नोंद पाहून खोटा दावा नाकारू शकतात. पण मालकानं नोंद केली आणि इतरांनी ती पाहिली, तरच. शिवाय ती फक्त उगम तपासते. मधली वाट खरी की खोटी, ते तिला कळत नाही.

त्या रात्री मी आकडा दुरुस्त केला. मग आमच्याकडून जोडणी घेणाऱ्या लहान केबलवाल्यांची सेटिंग्ज उघडली. ते जे सांगतील ते आम्ही जसंच्या तसं पुढे पाठवत होतो. यादी कुणी लावलीच नव्हती. उजाडेपर्यंत एकेकाची यादी लावत बसलो.