अभ्यासक्रमातील स्त्री : विषय आणि दृष्टी

१

साहित्यविषयक दृष्टिकोनाचा इतिहास शोधताना समीक्षाग्रंथ, नियतकालिके आणि वाङ्मयीन वाद यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. पदवी परीक्षेच्या अभ्यासक्रमाकडे मात्र क्वचितच जाते. वास्तविक, एखाद्या काळी 'साहित्य' म्हणून काय गणले गेले, कोणते लेखन 'प्रातिनिधिक' ठरले आणि कोणते 'पूरक वाचना'त ढकलले गेले, याचा अभ्यासक्रमाइतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. कला शाखेच्या पदवी-अभ्यासात स्त्री कशी आली, हा प्रश्न यादृष्टीने महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास या प्रवासाचे तीन टप्पे दिसतात : स्त्रियांसाठी अभ्यासक्रम, स्त्रियांविषयी अभ्यासक्रम आणि स्त्रीप्रश्नाच्या दृष्टीने एकूण ज्ञानव्यवहाराची फेरतपासणी. पहिले दोन टप्पे संस्थारूपाने सिद्ध झाले. तिसरा पदवीच्या वर्गात अजून पुरता पोहोचलेला नाही. तो का पोहोचला नाही, याचे उत्तर पहिल्या दोन टप्प्यांच्या घडणीतच शोधावे लागते.

२

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती आणि १९१५च्या अखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली होती. या विद्यापीठाचा अभ्यासक्रम दोन तत्त्वांवर उभा होता. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, हे पहिले. मुंबई विद्यापीठात इंग्रजी माध्यमाचे एकछत्री राज्य असताना उच्च शिक्षण मराठीतून देता येते, असे म्हणणे धाडसाचे होते. 'गृहीतागमा' ही पदवीची संज्ञाही त्याच धाडसाची निदर्शक होय. स्त्रीचे जीवनकार्य पुरुषाहून भिन्न असल्याने तिचे शिक्षणही काही अंशी भिन्न असावे, हे दुसरे तत्त्व. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना तेथे मिळालेले स्थान या तत्त्वातून आले.

दुसऱ्या तत्त्वाला पूर्वीच आव्हान दिले गेले होते, हे विसरता येत नाही. मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशी भूमिका गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारका'तून मांडली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता प्रतिपादन केली होती. म्हणजे शिक्षणाचा संबंध त्यांनी घरापेक्षा व्यवसायाशी जोडला होता. कर्व्यांचे विद्यापीठ या भूमिकांच्या तुलनेत मर्यादित वाटते. पण ज्या कुटुंबांनी आपल्या मुली अन्य महाविद्यालयांत धाडल्या नसत्या, त्यांना या मर्यादेमुळेच हे विद्यापीठ स्वीकारार्ह झाले, हेही तितकेच खरे. तथापि, त्या अभ्यासक्रमात स्त्री ही शिकणारी होती. अभ्यासाचा प्रश्न ती नव्हती. 'स्त्रीस्वभाव' म्हणजे काय, हे आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरून विषयांची आखणी झाली होती.

३

हे गृहीतक डळमळीत व्हायला पाच-सहा दशके लागली. भारत सरकारने १९७१ साली नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ साली 'समानतेकडे' हा अहवाल सादर केला. राज्यघटनेने समानता देऊनही रोजगार, आरोग्य आणि राजकीय सहभाग या क्षेत्रांत स्त्रियांची स्थिती खालावत असल्याचे त्यातून उघड झाले. समाजशास्त्रांना याची गंधवार्ता का नव्हती, हा ज्ञानशास्त्रीय प्रश्न तेथून उपस्थित झाला. त्याच वर्षी कर्व्यांच्याच विद्यापीठात, मुंबईत, नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन-केंद्र सुरू झाले. एप्रिल १९८१ मध्ये याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून पुढील वर्षी अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्री-अभ्यासाला मान्यता दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७चे.

केंद्र या रचनेचे लाभ उघड आहेत. विषयांच्या भिंती ओलांडणारे संशोधन, चळवळींशी संवाद आणि मराठीतून साहित्यनिर्मिती हे विभागांच्या चौकटीत घडणे अवघड होते; 'लिंगभाव' यासारखी संज्ञा मराठीत रुळली ती या वर्तुळातूनच. व्याकरणाने 'लिंग' हा शब्द आधीच व्यापलेला असताना जैविक भेद आणि सामाजिक घडण यांतील अंतर दाखवणारा शब्द मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु याच रचनेत एक अडचणही होती. पदवी अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार विषयवार अभ्यासमंडळांकडे राहिला आणि केंद्रे पंचवार्षिक योजनांच्या अनुदानावर विसंबून राहिली. २०१७ साली बारावी योजना संपली तेव्हा त्यांच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला, तो यामुळेच. स्त्री-अभ्यास विद्यापीठात आला. पण मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांच्या मुख्य अभ्यासपत्रिकांना त्याने काही विचारावे, अशी व्यवस्था निर्माण झाली नाही. तडजोड म्हणून वैकल्पिक अभ्यासपत्रिका आली. ज्यांना हवे त्यांनी स्त्री-साहित्य अभ्यासावे, इतरांनी 'साहित्य' अभ्यासावे, अशी ही विभागणी होती.

४

मराठीच्या पदवी-अभ्यासात स्त्रियांचे लेखन पूर्वी नव्हतेच, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जनाबाई आणि बहिणाबाई संतसाहित्यात होत्या, जात्यावरच्या ओव्या लोकसाहित्यात होत्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रात आणि विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' कथेच्या इतिहासात. प्रश्न उपस्थितीचा कमी आणि वाचनाच्या परिभाषेचा अधिक आहे. 'स्मृतिचित्रे'चा गौरव प्रायः सहजता, निर्व्याजपणा आणि प्रांजळपणा या शब्दांनी होतो. हे शब्द खोटे नाहीत. मात्र त्यांच्या आड निवेदनामागची निवड, विनोदाची योजना आणि धर्मांतरामुळे उभा राहिलेला दांपत्यातील सत्तासंघर्ष हे सारे झाकले जाते. लेखिकेची कला 'स्वभावा'च्या खाती जमा केली की तिच्या लेखनातील विचाराची चिकित्सा करण्याचे कारण उरत नाही.

या दृष्टीने ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या निबंधाचा इतिहास बोलका आहे. बुलढाण्याच्या, सत्यशोधक परंपरेशी नाते असलेल्या या लेखिकेचे हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर जे आरोप झाले, त्यांना ताराबाईंनी उत्तर दिले. जोतीराव फुले यांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच, ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि मराठी वाचकांना त्याचा नव्याने परिचय झाला.

पुनःप्रकाशनानंतर 'तुलने'ची गणना सामाजिक सुधारणेच्या वाङ्मयात झाली आणि पुढे स्त्री-साहित्याच्या वैकल्पिक पत्रिकेत तिला मानाचे स्थान मिळाले. दोन्ही ठिकाणी ती योग्यच आहे. परंतु या निबंधाचा मोठा भाग साहित्याविषयी आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. स्त्रीच्या दोषांची जंत्री देणारे एक संस्कृत सुभाषित घेऊन ताराबाई त्यातील एकेक आरोप पुरुषाला लावून पाहतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक आणि 'स्त्रीचरित्र' यांतील स्त्रीचित्रण त्या प्रत्यक्ष संसारातील अनुभवाच्या कसोटीला लावतात. ही पात्रे कोणी रचली, कोणासाठी रचली आणि ती खरी मानल्याने कोणाचे हित साधते, असे प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या मुळाशी आहेत. प्रातिनिधिकतेची चिकित्सा असे ज्याला आजची समीक्षा म्हणते, ती हीच होय.

मराठी कादंबरी-समीक्षेचा आरंभ सांगताना काशिनाथ बापूजी मराठे यांचा 'नावल व नाटक' यांविषयीचा १८७२चा निबंध आणि वि. का. राजवाडे यांचा 'कादंबरी' हा १९०२चा निबंध यांचा उल्लेख होतो. या दोहोंच्या मध्ये, १८८२ साली, 'तुलना' उभी आहे. ती समीक्षेच्या इतिहासात न येण्याचे कारण तिची आवेशपूर्ण, बोलीच्या वळणाची, उपहासगर्भ भाषा हे असू शकेल. शास्त्रीबोवांच्या निबंधशैलीशी ती जुळत नाही. पण मग समीक्षेची शैली कोणती, हे कोणी ठरवले, असाही प्रश्न येतो. आणि तो स्त्री-साहित्याच्या पत्रिकेत सुटणारा नाही, साहित्यशास्त्राच्याच पत्रिकेत विचारावा लागेल.

५

वेगळ्या पत्रिकेची मर्यादा दलित स्त्रियांच्या लेखनाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने जाणवते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही आत्मकथने १९८६ साली ग्रंथरूपाने आली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९च्या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग नोंदवला. अभ्यासक्रमाच्या रचनेत 'जिणं आमुचं' दलित साहित्याच्या पत्रिकेत जाते तेव्हा त्यातील नवऱ्याच्या मारहाणीचे आणि सासुरवासाचे वर्णन दुय्यम ठरते. स्त्री-साहित्याच्या पत्रिकेत जाते तेव्हा जातीचा जाच पार्श्वभूमी बनतो. दोन्हीकडे पुस्तक आहे. पूर्ण पुस्तक मात्र कोठेच नाही.

शर्मिला रेगे यांनी १९९८च्या आपल्या लेखात आणि पुढे 'रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर' (२००६) या ग्रंथात नेमक्या याच फाळणीवर बोट ठेवले. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतून जात आणि लिंगभाव यांच्या परस्परसंबंधांचे ज्ञान निर्माण होते, केवळ अनुभवाची नोंद होत नाही, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाई ही विद्यार्थिनी या मांडणीला फार पूर्वीचा आधार पुरवते.

६

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना मुख्य, गौण आणि खुल्या निवडीचे विषय अशी बदलली आहे. निवडीची संधी वाढली हे स्वागतार्ह. मात्र स्त्री-अभ्यास गौण वा खुल्या विषयातच राहिला, तर जुनीच विभागणी नव्या नावाने पक्की होईल. मुख्य विषय मग आपल्या जुन्या परिभाषेसह निर्धास्त राहू शकेल. २०१४ पासून पुणे विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. १८५४च्या 'काव्यफुले'ला आधुनिक मराठी कवितेच्या आरंभाच्या चर्चेत कोणते स्थान आहे, हा प्रश्न त्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे.

यासाठी नवी पत्रिका निर्माण करण्याची गरज नाही. समीक्षेच्या इतिहासात मराठे आणि राजवाडे यांच्या मध्ये ताराबाईंना ठेवावे, 'जिणं आमुचं'ची पत्रिकांमधील फाळणी थांबवावी, 'स्मृतिचित्रे'च्या निवेदनतंत्राची चर्चा करावी, एवढ्याने साहित्य म्हणजे काय, हा प्रश्न पदवीच्या सामान्य वर्गात पुन्हा खुला होतो. कर्व्यांच्या काळी स्त्रीला काय शिकवावे, याचा वाद होता. स्त्रीने जे लिहिले त्यावरून साहित्यविचाराने काय शिकावे, हा आजच्या अभ्यासमंडळांपुढील प्रश्न आहे.